कोमांची युद्धांचे साक्षीदार: कोणाचं किती खरं मानायचं?

१९ मार्च १८४० रोजी सॅन अँटोनियो गावात टेक्सासचे अधिकारी आणि कोमांची या अमेरिकेतल्या मूळ जमातीचे सरदार तहाच्या बोलणीसाठी समोरासमोर बसले. टेक्सास तेव्हा वेगळा देश होता. अमेरिकेच्या संघराज्यात तो १८४५ मध्ये गेला. बोलणी फिसकटली, दालनात सैनिक शिरले, झटापट झाली आणि बघता बघता ती रस्त्यांवर आणि लोकांच्या परसांत पसरली. ३५ कोमांची आणि टेक्सासच्या बाजूचे ७ जण मेले. त्या ३५ मध्ये तीन बायका आणि दोन मुलं होती. जे कोमांची वाचले, त्यांना कैद करण्यात आलं. इतिहासात या प्रसंगाला ‘कौन्सिल हाउसची चकमक’ म्हणतात.

तहाला बोलावलेली माणसं अशी का मारली गेली? टेक्सासच्या लोकप्रिय इतिहासात याचं उत्तर पिढ्यानपिढ्या एकच दिलं गेलं. कोमांचींनी त्या दिवशी मटिल्डा लॉकहार्ट नावाची एक मुलगी परत आणली होती. ती त्यांच्या कैदेत होती आणि तिचे अतोनात हाल झाले होते. तिचं नाक हाडापर्यंत जाळलं होतं. ते पाहून टेक्सासच्या लोकांचा संताप अनावर झाला आणि पुढचं सगळं घडलं. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो आणि त्याच क्षणी त्याचा निवाडाही होऊन जातो. पुढे काय झालं, कोणी ठरवून केलं, हे विचारायला तो थांबत नाही.

या वर्णनाचा माग काढत गेलं की आपण एका आठवणींच्या पुस्तकापाशी येऊन थांबतो. मेरी मॅव्हरिक या तेव्हा सॅन अँटोनियोत राहत होत्या. मटिल्डाला न्हाऊमाखू घालणाऱ्या बायकांत आपण होतो, असं त्या सांगतात. चकमकीच्या दिवशी कोमांची त्यांच्या अंगणात शिरले होते. त्यांच्या घरची गुलाम स्वयंपाकीण जिनी अँडरसन दोन्ही हातांनी मोठा दगड डोक्यावर उचलून मुलांच्या आडवी उभी राहिली, हेही त्यांनीच लिहून ठेवलंय. हा तपशील ऐकीव वाटत नाही. मेरी मॅव्हरिक तिथे होत्या, यात शंका घ्यायचं कारण नाही.

पण त्यांच्या आठवणींना पुस्तकाचं रूप आलं ते १८९५-९६ च्या सुमारास. जुन्या टिपणांच्या आधारानं, मुलाच्या मदतीनं, म्हणजे घटनेनंतर तब्बल ५५ वर्षांनी. सुरुवातीला मोजून सहा प्रती छापल्या. सगळ्यांच्या हाती ते पुस्तक पडलं १९२१ मध्ये, त्यांच्या नातीनं प्रसिद्ध केल्यावर.

आता दुसरा कागद बघा. चकमकीच्या दुसऱ्याच दिवशी, २० मार्च १८४० रोजी, टेक्सासच्या सैन्याचा अधिकारी ह्यू मॅक्लाउड यानं राष्ट्राध्यक्ष मिराबो लमार यांना सविस्तर अहवाल पाठवला. त्यात मटिल्डा आहे. ती हुशार मुलगी आहे, बाकीच्या कैद्यांबद्दल तिनं माहिती दिली, असं तो लिहितो. नाकाबद्दल एक अक्षर नाही. मटिल्डाच्या नात्यातली एक बाई त्या वेळी सॅन अँटोनियोत होती. तिच्या पत्रातही नाकाचा उल्लेख नाही.

उल्लेख नाही म्हणजे घडलंच नाही, असं लगेच म्हणता येत नाही. त्या काळात स्त्रीच्या शरीराबद्दल लिहायचा संकोच होता, अहवालाचा विषय लष्करी होता, अशी कारणं देता येतील. तरीही मॅक्लाउडचं मौन मला फार वजनदार वाटतं. तहाला आलेल्या माणसांना मारल्याचं समर्थन त्याला आपल्या वरिष्ठापुढे करायचं होतं. जळालेलं नाक हा त्याच्या हातातला सगळ्यात मोठा पुरावा ठरला असता. जो माणूस ज्या गोष्टीचा फायदा घेऊ शकत होता, तीच गोष्ट तो सांगत नाही, तेव्हा ती त्यानं पाहिली नसावी ही शक्यता बळावते.

तिसरा कागद तर त्याहून जुना. जानेवारी १८४० मध्येच टेक्सासचा युद्धमंत्री अल्बर्ट सिडनी जॉन्स्टन यानं लेफ्टनंट कर्नल विल्यम फिशर याला लेखी हुकूम दिला होता: सैन्याच्या तुकड्या घेऊन सॅन अँटोनियोला जा, आणि कोमांची सगळे कैदी न आणता आले तर त्यांच्यापैकी काहींना ओलीस धरून ठेवा. मटिल्डा गावात येण्याच्या कितीतरी आधी हा बेत ठरला होता. तिचं नाक शाबूत असो वा नसो, सरदारांना अडकवायचं ठरलेलं होतं आणि अडकवायला गेल्यावरच चाकू-बंदुका निघाल्या. ‘संतापाच्या भरात घडलं’ ही गोष्ट या हुकुमापुढे टिकत नाही.

मराठी वाचकाला बखर आणि समकालीन पत्र यांतला फरक वेगळा समजवायला नको. इथेही तोच आहे. बखरीत जसं बरंच खरं असतं आणि तरी तारखा, आकडे, हेतू यांसाठी आपण पत्राकडे वळतो, तसंच टेक्सासच्या आठवणींचं आहे. अडचण एवढीच की कोमांचींच्या बाबतीत दीर्घकाळ बखरीच मुख्य साधन होऊन बसल्या.

असं का झालं, हे कळायला थोडी पार्श्वभूमी लागेल. कोमांची स्वतःला नुमुनू म्हणवतात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ते उत्तरेकडच्या शोशोनी लोकांपासून वेगळे होऊन दक्षिणेच्या गवताळ मैदानात उतरले. स्पॅनिशांकडून पसरलेला घोडा त्यांनी असा आपलासा केला की पुढची दीडशे वर्षं आजच्या टेक्सास, ओक्लाहोमा, न्यू मेक्सिको, कोलोरॅडो आणि कॅन्सस या राज्यांच्या मोठ्या भागावर त्यांचा वचक होता. स्पेन, मेक्सिको, टेक्सास आणि अमेरिका या चारही सत्तांशी ते लढले, तह केले, व्यापार केला. १८७५ च्या जूनमध्ये शेवटची मोकळी टोळी क्वाना पार्कर या सरदारासोबत फोर्ट सिल या अमेरिकी लष्करी ठाण्यावर शरण आली. या सगळ्या काळात त्यांची भाषा लिहिली जात नव्हती. म्हणून युद्धाचं जवळजवळ सगळं लेखन समोरच्या बाजूचं आहे, आणि समोरच्या बाजूला प्रत्येक वेळी लिहिण्याचं काही ना काही कारण होतं.

स्पॅनिश काळातलं एक चित्र बघू. १६ मार्च १७५८ रोजी सॅन साबा नदीकाठच्या मिशनवर मोठा हल्ला झाला. त्यात अलोन्सो दे तेर्रेरोस आणि होसे सांतिएस्तेबान हे दोन पाद्री मारले गेले. तेर्रेरोस यांचे एक नातलग पेद्रो रोमेरो दे तेर्रेरोस हे चांदीच्या खाणींचे धनाढ्य मालक होते आणि मिशनसाठी पैसा त्यांनीच दिला होता. त्यांनी १७६५ च्या सुमारास या प्रसंगाचं भलंमोठं चित्र काढून घेतलं. चित्रकार मेक्सिकोतला. चित्रात दोन्ही पाद्री दोन बाजूंना हुतात्म्यांसारखे मोठ्या आकारात उभे आहेत आणि मधल्या जागेत हल्ला चाललाय. टेक्सासमधला प्रसंग दाखवणारं सगळ्यात जुनं चित्र म्हणून ते पुस्तकांत छापलं जातं आणि वाचक त्यात कोमांचींची हत्यारं, पेहराव शोधतो. पण हे चित्र मुळात श्रद्धांजली आहे. नातलगाचं हौतात्म्य लोकांच्या मनावर ठसावं यासाठी ते काढलंय. शिवाय हल्ल्यात एकटे कोमांची नव्हते. विचिता आणि इतर जमातीही होत्या. स्पॅनिश कागद त्यांना सरसकट ‘उत्तरेकडचे’ म्हणतात. पुढे सगळी कीर्ती आणि सगळा दोष कोमांचींच्या वाट्याला गेला.

दुसऱ्या वर्षी कर्नल पारिया सूड घ्यायला निघाला आणि रेड नदीवरच्या ताओवाया गावापाशी सपाटून मार खाऊन परतला. त्याच्या अहवालात गावाभोवती भक्कम तटबंदी आहे, वर फ्रेंच निशाण फडकतंय. फ्रेंचांशी व्यापार होता आणि बंदुका तिथूनच येत होत्या, हे खरंच आहे. तरी हरलेल्या सेनापतीनं शत्रूचं वर्णन केलेलं असलं की ते जरा हात राखूनच घ्यावं.

आता कैद्यांच्या कहाण्यांकडे येऊ, कारण लोकांच्या मनातला कोमांची सगळ्यात जास्त त्यांनीच घडवला. १९ मे १८३६ रोजी पार्कर कुटुंबाच्या गढीवर हल्ला झाला आणि पाच जणांना पळवून नेण्यात आलं. त्यांतली रेचल प्लमर सुटून आल्यावर १८३८ मध्ये तिची हकीकत ह्यूस्टनला छापली गेली. कैदेत असताना तिला मूल झालं आणि काही आठवड्यांच्या त्या बाळाला तिच्या डोळ्यांदेखत मारण्यात आलं. हे तिनं जसं सांगितलंय, ते वाचवत नाही. कोमांची युद्धांतली क्रूरता म्हणजे गोऱ्यांची कल्पनाच, असं कोणी म्हणत असेल तर त्यानं रेचलची ही पानं आधी वाचावीत.

पण तिच्या हकीकतीच्या दोन आवृत्त्या आहेत. १८३९ मध्ये ती वारली. १८४४ मध्ये तिचे वडील जेम्स पार्कर यांनी स्वतःचं पुस्तक काढलं आणि त्याला तिची सुधारलेली हकीकत जोडली. जेम्स पार्करवर शेजाऱ्यांनी गंभीर आरोप केले होते. त्यांना उत्तर म्हणून त्यानं १८३९ मध्येच एक पत्रक छापलं होतं. म्हणजे १८४४ च्या पुस्तकामागे मुलीची वेदना आहे तशीच बापाची स्वतःची बाजू मांडायची धडपडही आहे. कोणी रेचलचं वाक्य उद्धृत केलं की ते कोणत्या आवृत्तीतलं, हे पाहायलाच हवं. बरेच लेखक ते सांगतच नाहीत.

रेचलच्या पलीकडच्या टोकाला नेल्सन ली. आपण कोमांचींच्या कैदेत तीन वर्षं काढली असं सांगणारं त्याचं पुस्तक १८५९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीला छापलं गेलं. त्याच्याकडे गजराचं घड्याळ होतं, ते वाजलं तेव्हा कोमांचींना तो दैवी चमत्कार वाटला आणि म्हणून आपला जीव वाचला, अशी त्याची गोष्ट. तो वर्णन करतो त्या चालीरीती कोमांचींशी जुळत नाहीत, आणि तो कधी त्यांच्या कैदेत होता का, इथूनच अभ्यासकांना शंका आहे. तरी विसाव्या शतकातही हे पुस्तक नव्यानं छापलं गेलं. चमत्काराच्या नादी लागलेला ‘रानटी’ आणि शहाणा गोरा, या जोडीला तेव्हाही बाजार होता आणि पुढेही राहिला.

या दोघांच्या मध्ये हर्मन लेहमन. जर्मन वसाहतकऱ्यांचा हा मुलगा १८७० मध्ये अपाची या दुसऱ्या जमातीनं पळवला. पुढे तो कोमांचींमध्ये राहिला आणि १८७८ मध्ये घरी परतला, तोवर तो मनानं पुरता त्यांचा झाला होता. त्याच्या आयुष्यावर दोन पुस्तकं निघाली, एक १८९९ मध्ये आणि दुसरं १९२७ मध्ये. लिहिणारी माणसं वेगळी, सूर वेगळा, भर वेगळा. एकाच माणसाच्या तोंडून निघालेली एकच हकीकत शब्दांकन करणाऱ्याच्या हातात किती बदलते, हे बघायचं असेल तर ही दोन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. कैद्यांच्या बहुतेक कहाण्यांत असा कोणी तरी तिसरा माणूस असतो. अनेकदा मुखपृष्ठावर त्याचं नावही नसतं.

पैशाचा भागही विसरून चालणार नाही. अमेरिकेत १७९६ पासून कायदा होता: इंडियन, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ जमातीनं नागरिकाची मालमत्ता लुटली तर सरकारकडे भरपाई मागता येई. १८९१ मध्ये नवा कायदा आला आणि हे दावे एका खास न्यायालयाकडे गेले. त्यानंतर १०,००० हून अधिक दावे दाखल झाले. यात मेख अशी होती की लूट करणारी जमात त्या वेळी अमेरिकेशी सलोख्यात असल्याचं दाखवावं लागे. युद्ध चालू असेल तर दमडीही मिळत नसे. आता विचार करा. तीस वर्षांपूर्वी रात्रीच्या अंधारात घोडे गेले. नेणारे कोमांची होते, कायोवा जमातीचे होते, की गोरे घोडेचोर, हे नीट कोणी पाहिलेलं नाही. आणि ज्या जमातीचं नाव घेतलं तर दावा टिकेल, ते नाव आता वकील सुचवतोय. घोड्यांची संख्या आणि किंमत तर वेगळीच गोष्ट.

गंमत वाटेल, पण हीच दप्तरं मला आठवणींच्या कित्येक पुस्तकांपेक्षा जास्त कामाची वाटतात. कारण सरकारी वकील दावेदाराची उलटतपासणी घेत असे, साक्षीदार बोलावले जात, जुनी लष्करी टिपणं काढून पडताळली जात, आणि मागितलेल्या रकमेचा अगदी थोडाच भाग मंजूर होई. खोटं बोलायचं कारण उघड असलं आणि ते तपासायला समोर कोणी बसलेलं असलं, की कागद वाचता येतो. आठवणींच्या पुस्तकात लेखकाला अडवणारं कोणी नसतं.

वर्तमानपत्रांची तऱ्हा आणखी वेगळी. जॉन बेलर हा कोमांचींच्या राखीव वसाहतीवरचा, म्हणजे सरकारनं त्यांना राहायला नेमून दिलेल्या जागेवरचा सरकारी प्रतिनिधी होता. त्याला काढून टाकल्यावर तो या वसाहतींचा कट्टर शत्रू बनला. १८५९ मध्ये त्यानं माणसं जमवून ब्रॅझोस वसाहतीवर चाल केली. त्याच वर्षी तिथल्या सगळ्या लोकांना टेक्सासबाहेर हलवावं लागलं. त्यांना सुखरूप पोचवून परतलेला अधिकारी रॉबर्ट नेबर्स याला सप्टेंबरमध्ये एका गोऱ्यानंच गोळी घातली. पुढच्या वर्षी बेलरनं जॅक्सबोरो इथून वर्तमानपत्र सुरू केलं. त्याचं नाव ‘द व्हाइट मॅन’. सीमेवरच्या प्रत्येक चोरीचं, प्रत्येक खुनाचं खापर इंडियनांवर फोडणं हेच त्याचं धोरण होतं. अशा पत्रातली बातमी ‘समकालीन साधन’ म्हणून तळटीपेत आली की फार विश्वसनीय दिसते. तारीख त्याच आठवड्याची असते ना! घटनेच्या जवळ असणं एवढ्यानं भागत नाही, हे लक्षात ठेवलेलं बरं.

आणि मग १८८९ चा मोठा संग्रह. जॉन वेस्ली विल्बर्गर हा मेथडिस्ट उपदेशक. त्याचा भाऊ जोसाया याच्या डोक्याची कातडी १८३३ मध्ये जिवंतपणी सोलली गेली आणि तो त्यानंतरही दहा-अकरा वर्षं जगला. जॉननं टेक्सासभरातून इंडियन हल्ल्यांच्या हकीकती गोळा केल्या आणि जाडजूड पुस्तक काढलं. मुखपृष्ठावरच्या उपशीर्षकात तो स्वतःच त्यांना ‘विश्वसनीय’ म्हणतो. खाली अंगावर येणारी लाकडी ठशांची चित्रं. यात हल्ला झालेल्या घरांची, मेलेल्या माणसांची नावं आहेत. ती दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत, म्हणून पुस्तक टाकूनही देता येत नाही. पण गोष्टी एकतर्फी आहेत. गोऱ्यांनी आधी काय केलं याला त्यात जागाच नाही, आणि हल्लेखोर कोण हे बहुतेकदा अंदाजानं ठरवलेलं. ‘इंडियन आले’ याचं सांगता सांगता ‘कोमांची आले’ कधी होतं, ते कळत नाही.

आकड्यांबद्दल एकच उदाहरण देतो. १८४० च्या ऑगस्टमध्ये कोमांचींनी समुद्रकाठचं लिनव्हिल गाव लुटलं आणि परतताना १२ ऑगस्टला प्लम क्रीकपाशी टेक्सासच्या माणसांनी त्यांना गाठलं. तिथे ८० हून अधिक कोमांची मारले असं सर्रास लिहिलं जातं. रणांगणावर प्रेतं सापडली साधारण डझनभर. कोमांची आपले मृत शक्यतो मागे ठेवत नसत, त्यामुळे खरा आकडा डझनाहून मोठा असू शकतो. पण ८० हा मोजलेला आकडा नाही, सांगितलेला आहे. कोमांचींचे मृत आणि हल्लेखोर, या दोन्ही आकड्यांना सतत वर चढायची सवय आहे.

सगळ्यात बोलकं प्रकरण पीस नदीचं. १८६० च्या डिसेंबरमध्ये २२ वर्षांचा कॅप्टन सुल रॉस रेंजर (टेक्सासचे सीमारक्षक) आणि थोडे घोडदळाचे शिपाई घेऊन आजच्या क्रोवेल गावाजवळच्या एका कोमांची तळावर तुटून पडला. तारीख १८ की १९, यावरही एकमत नाही. तळ छोटा होता, माणसं सामान बांधून निघायच्या तयारीत होती, आणि त्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या. तिथे निळ्या डोळ्यांची एक बाई तान्ह्या मुलीसह सापडली. ती सिंथिया ॲन पार्कर निघाली. १८३६ च्या हल्ल्यात नेलेली नऊ-दहा वर्षांची मुलगी २४ वर्षांनी कोमांची बाई आणि आई होऊन हाती लागली होती. रॉसच्या सांगण्यानुसार त्या दिवशी त्यानं तिच्या नवऱ्याला, म्हणजे पेता नोकोना या मोठ्या सरदाराला मारलं.

ही कथा पुढे पुढे मोठी होत गेली. तळाची लढाई झाली, लढाईचा विजय झाला, विजयानं कोमांचींचा कणा मोडला असं झालं. १८८६ मध्ये जेम्स डीशील्ड्स यानं सिंथिया ॲनवर पुस्तक काढलं आणि त्यात रॉसनं स्वतः सांगितलेली हकीकत आली. त्याच वर्षी रॉस टेक्सासचा गव्हर्नर म्हणून निवडून आला. नंतर तो राज्याच्या कृषी आणि यांत्रिकी महाविद्यालयाचा प्रमुख झाला. इतक्या मानाच्या माणसाची कथा शाळेच्या पुस्तकात गेली, स्मारकाच्या फलकावर कोरली गेली. दुसरीकडे, त्या दिवशी तिथे असलेल्या एका रेंजरनं म्हातारपणी सांगितलं की आपल्याला त्याचा अभिमान वाटत नाही, ती लढाई नव्हतीच, बायकांची कत्तल होती. २०१० मध्ये दोन संशोधकांनी सगळ्या साक्षी समोरासमोर ठेवल्या, तेव्हा कोणता तपशील कधी आणि कोणाच्या लेखणीतून शिरला, हे थरावर थर उलगडत गेलं.

पेता नोकोनाचं काय? त्याचा मुलगा क्वाना पार्कर १९१० मध्ये डॅलसच्या जत्रेत हजारो लोकांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, रॉसनं माझ्या वडिलांना मारलं नाही. ते त्या दिवशी तिथे नव्हतेच. काही वर्षांनी आजारपणानं गेले. क्वाना त्यानंतर काही महिन्यांतच वारला. आज बहुतेक अभ्यासक त्याचं म्हणणं मानतात आणि मलाही ते पटतं. पण जी कसोटी मेरी मॅव्हरिक यांना लावली, तीच इथेही लावली पाहिजे. क्वाना ५० वर्षांपूर्वीची गोष्ट सांगत होता. वडील तळावर बायका मरत असताना मारले गेले की नंतर आजारानं, यात मुलाच्या दृष्टीनं मानाचा प्रश्न होता. त्याचं म्हणणं टिकतं ते तो कोमांची आहे म्हणून नाही. रॉसच्या दाव्याला त्या आठवड्यातला भक्कम आधार नाही आणि त्याच्या गोष्टीचे तपशील दर वेळी बदलतात, म्हणून टिकतं.

हे सांगायचं कारण असं की अलीकडे काटा उलट्या बाजूला झुकवायची हौसही दिसते. गोऱ्यांनी लिहिलेलं सगळं खोटं, कोमांची शांतताप्रिय, असं काहीजण मांडतात. तेही मला पटत नाही. कोमांचींच्या धाडी उत्तर मेक्सिकोत शेकडो किलोमीटर आतपर्यंत जात. तिथल्या गावांनी आपल्या गव्हर्नरांना पाठवलेली पत्रं, चर्चमधल्या नोंदी, स्थानिक वर्तमानपत्रं यांत पळवलेली मुलं, जळालेली शेतवाडी, ओस पडलेली गावं जागोजागी भेटतात. ही पत्रं त्या त्या आठवड्यात लिहिलेली आहेत. त्यातली माणसं मेक्सिकन होती आणि कागद स्पॅनिशमध्ये होते, म्हणून इंग्रजीतून लिहिणाऱ्या टेक्सासच्या इतिहासकारांनी त्यांच्याकडे फार काळ ढुंकून पाहिलं नाही.

त्याच स्पॅनिश दप्तरांत दुसरंही चित्र आहे. १७७९ मध्ये न्यू मेक्सिकोचा गव्हर्नर आन्सा यानं कुएर्नो वेर्दे या कोमांची सरदाराला लढाईत मारलं. १७८६ मध्ये त्याच आन्सानं एकुएराकापा या सरदाराशी तह केला आणि न्यू मेक्सिकोत तो तह कित्येक दशकं टिकला. लोक मैदानात जाऊन कोमांचींशी व्यापार करत, कातडी, मांस, घोडे यांची देवघेव चाले. टेक्सासच्या पुस्तकांत जन्मजात लढवय्या असलेला कोमांची न्यू मेक्सिकोची राजधानी सांता फे इथल्या कागदांत बाजाराला येणारा शेजारी आहे. एकच जमात, तोच काळ. कोणत्या गावात बसून लिहिलंय यावर ती कशी दिसेल हे ठरत होतं. कोमांची ‘स्वभावतःच’ असे होते की तसे, असं ठामपणे सांगणारा लेखक भेटला, की त्यानं सांता फे वाचलंय का, हे मी आधी बघतो.

कोमांचींचा स्वतःचा आवाज मोठ्या प्रमाणावर लिहिला गेला तो १९३३ मध्ये. ओक्लाहोमात तरुण मानवशास्त्रज्ञांचा एक गट ॲडमसन होबेल, वाल्डो वेडेल यांच्यासह उतरला आणि त्यांनी वृद्ध कोमांचींना दुभाष्यांमार्फत दिवसचे दिवस प्रश्न विचारले. पोस्ट ओक जिम हा त्या सांगणाऱ्यांपैकी एक. त्यांच्या वह्या एकत्र छापून आल्या थेट २००८ मध्ये. या वह्या अनमोल आहेत. पण त्यांनाही वाक आहे. विचारणाऱ्यांना रस होता तो चालीरीतींत: लग्न कसं ठरतं, भांडण कसं मिटतं, कोणाला सरदार मानतात. कोणत्या वर्षी कोणत्या लढाईत काय झालं, हे त्यांनी फारसं विचारलंच नाही. सांगणाऱ्यांतले बरेचजण १८७५ मध्ये लहान होते. शिवाय कोमांचींमध्ये मेलेल्या माणसाचं नाव उच्चारणं टाळत. जिथे इतिहास माणसांच्या नावांवर चालतो, तिथे या एका रीतीमुळे कितीतरी धागे तुटलेले आहेत. एखाद्या वृद्धानं ‘तो एक माणूस होता’ एवढंच सांगून गोष्ट पुढे नेली, तर त्यामागे विस्मरणच असेल असं नाही.

म्हणून १८४० च्या सॅन अँटोनियोबद्दल वाचायचं असेल तर मी क्रम असा धरतो: आधी जॉन्स्टनचा जानेवारीतला हुकूम, मग मॅक्लाउडचा २० मार्चचा अहवाल, आणि या दोन्हींनंतर मेरी मॅव्हरिक. त्यांच्या पुस्तकात बुकर वेब्स्टर नावाच्या मुलाची साक्षही आहे. कौन्सिल हाउसची बातमी कळल्यावर कोमांचींनी आपल्याकडच्या कैद्यांना हाल करून मारलं, असं त्यानं सुटून आल्यावर सांगितलं. एका लहान मुलानं सांगितलेलं, एका बाईनं नोंदवलेलं आणि अर्ध्या शतकानं छापलेलं. ते खरं असू शकतं. आपल्या माणसांच्या हत्येनंतर पेटलेल्या छावणीत तसं घडणं अगदी शक्य आहे. त्या छावणीतल्या कोणाचीही साक्ष आपल्यापर्यंत आलेली नाही, आणि किती कैदी मेले याचा जो आकडा आज पुस्तकांत छापला जातो, तो त्या एकट्या मुलाच्या शब्दावर उभा आहे.